एक सुलट, एक उलट

गिटारवरची चारही बटणं गोंदाने चिकटवलेली आहेत हे लक्षात आलं, तेव्हा कॉइलताईने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. भिजलेला पंखा उन्हात वाळवून, तसाच चालू करून, जाळून आणणारी गिऱ्हाइकं असतात ना, त्यांच्याकडे बघते तसं तिने आपल्या सख्ख्या बहिणीकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मीच," धाकटी म्हणाली.

"शुद्धीत होतीस?"

"वाजवताना करंगळी लागायची, आवाज मधेच कमी व्हायचा. मग एकदा सगळी बटणं दहावर नेली आणि खाली गोंद सोडला. कटकट मिटली."

"किती वर्षं झाली?"

"सहा असतील."

कॉइलताईने एकेक बटण नखाने टोकरून पाहिलं. 

आता यात धाकटीचा एकटीचा दोष नाही, हेही सांगायला हवं. गिटारवाले सगळे असेच. कंपनी बिचारी बटणांवर एकपासून दहापर्यंत आकडे छापते, आणि हे लोक दहा सोडून दुसरा आकडा आयुष्यात बघत नाहीत. वेगळा आवाज हवा असला की पायाशी मांडलेल्या डब्यांपैकी एक दाबायचा. धाकटीकडे असे सात डबे होते. एक आवाज फाडायचा, एक घुमवायचा, एक लांबवायचा, बाकीचे काय करायचे ते तिचं तिलाच माहीत. तिचे हात वाजवायचे आणि आवाज मात्र पाय ठरवायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं, आणि ती अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यामागे, कोपऱ्यात, दिव्याच्या उजेडाबाहेर उभी होती.

आणि काल संध्याकाळी नाटकवाल्या बाईंचा फोन आला.

बाईंच्या नव्या नाटकात एक आई होती, पण ती रंगमंचावर येणारच नव्हती. ती सतत आतल्या खोलीत. तिचं बोलणं, रागावणं, विनवणं, हाका मारणं, सगळं एका गिटारने करायचं. वाजवणारी बसणार मधोमध, घरातल्या सामानात, आईच्या रिकाम्या खुर्चीवर. चार गिटारवाले येऊन परत गेले होते. आज चार वाजता धाकटीने यायचं होतं, आणि तिचंही जमलं नाही तर गिटारचा नाद सोडून बाई व्हायोलिनवाला बोलावणार होत्या. एवढं सांगून, फोन ठेवता ठेवता, बाई म्हणाल्या होत्या, "आणि हो, पायाशी ते डबे नकोत. आईच्या खुर्चीखाली डबे शोभत नाहीत. गिटार आणि तुमचे हात, बस."

धाकटी रात्रभर तळमळली आणि सकाळी दुकान उघडायच्या आत गिटार घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली. अडतीस वर्षांच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच तिला मधोमध बसायला बोलावत होतं. हे गेलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, असं तिला वाटत होतं. कॉइलताई तिची समजूत घालणार होती, पण खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं.

कॉइलताईचं दुकान म्हणजे पंखे, पंप आणि मिक्सर यांच्या जळलेल्या कॉइली उकलून नव्या भरायचा कारखाना. कारखाना म्हणायचा आपला. खोली एक, टेबल एक, हाताने फिरवायचं मशीन एक. मशीन आईचं. काम शिकवलं तेही आईनेच. आई गुडघ्यांनी थकल्यावर प्लायवूडच्या भिंतीपलीकडे आतल्या खोलीत पडून असायची आणि तिथून हाक मारायची. नाव कोणाचंच घ्यायची नाही. फक्त "अगं". आता "अगं" म्हणजे दोनच अक्षरं, पण त्या दोन अक्षरांत आई काय काय बसवायची. खालून वर चढलं की थोरलीला हाक, वरून खाली आलं की धाकटीला. राग, काळजी, चहा हवाय, पाहुणे आलेत, सगळं तेवढ्यातच. आणि कोणीही असो, उत्तर ठरलेलं: "आले." तीन वर्षं झाली ती हाक बंद होऊन.

"आधी बटणं," कॉइलताई म्हणाली.

गरम हवा मारून, बटणाखालून दोरा ओवून, हळूहळू ओढत तिने दोन बटणं सुखरूप काढली. उरलेल्या दोन बटणांनी, आवाजाच्या, जीव सोडला पण जागा सोडली नाही. ती फोडावी लागली. त्यांच्या जागी तिने पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरची बटणं बसवली.

"ताई, यावर पाचच आकडे आहेत."

"बरं झालं. तुला दहाची सवय वाईटच होती."

मग तिने गिटारच्या तारांखालच्या दोन चपट्या डब्या उघडल्या. पिकअप म्हणतात त्यांना. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेची कॉइल. कॉइल दिसल्याबरोबर कॉइलताईचा चेहराच बदलला. इतका वेळ ती बहिणीच्या वस्तूला हात लावत होती, आता ती आपल्या घरात आली.

"अच्छा. म्हणजे पंख्याच्या बरोबर उलटं," ती म्हणाली. "तिथे वीज घालून हालचाल काढायची. इथे तार हलते आणि कॉइलीतून वीज निघते. सोपं आहे की." तिने मीटरची टोकं लावली. मागच्या पिकअपला काटा नीट हलला. मानेजवळच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याकडच्या पिकअपला काटा ढिम्म. तिने पुन्हा लावून पाहिलं.

"छोटे, हा मेलाय."

"कधी?"

"ते मी काय सांगू. तूच सांग, शेवटचा कधी ऐकलास?"

धाकटीला आठवेना. पिकअप निवडायचा खटका तिने सहा वर्षं मागेच ठेवला होता. बटणांना गोंद लावला त्याच दिवशी खटक्यालाही चिकटपट्टी मारली होती. म्हणजे सहा वर्षं ती अर्ध्या गिटारवर वाजवत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आता हसावं की रडावं? कॉइलताई हसली. धाकटीचा चेहरा रडवेला झाला होता, पण बहिणीला हसताना पाहून तिलाही हसू फुटलं, आणि दोघी जळक्या मोटारींच्या ढिगात बसून पोट धरून हसल्या.

"मी भरून देते नवीन कॉइल," कॉइलताई डोळे पुसत म्हणाली. "तोवर तू जिवंत आहे तो वाजव. बटणं फिरव. बघू तरी ती काय करतात."

धाकटीने बरोबर आणलेला अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, लावला. आवाजाचं बटण पाचवर, म्हणजे तिच्या जुन्या दहावर, आणि एक सूर छेडला. तोच तो ओळखीचा, धारदार, किंचित फाटका आवाज. मग तिने बटण साडेतीनवर आणलं. आवाज लहान होईल एवढीच तिची अपेक्षा होती. लहान झालाच, पण त्याची फाटकी कडाही गेली आणि खालून एक स्वच्छ, नितळ सूर वर आला. तिने हात थांबवून गिटारकडे पाहिलं.

"ताई, ऐकलंस?"

"ऐकलं. रागावलेली आई शांत झाली."

ती सहज बोलून गेली, पण धाकटीला ते लागलं. लागलं म्हणजे सापडलं. तिने दोन सूर घेतले, एक वर, एक खाली. अगं. मग आवाज पाचवर नेऊन तेच सूर तारेच्या अगदी टोकाशी, घोडीजवळ, नखाने मारले.

"दूध उतू चाललंय," कॉइलताई मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

आवाज दोनवर, टोनचं बटण अर्धं.

"पाहुणे बसलेत. दात आवळून बोलतेय."

टोन पार बंद. वरचा सगळा चकचकाट निघून गेला, उरला नुसता मऊ, दबका गाभा.

"पांघरुणातून. थंडी वाजतेय तिला."

मग धाकटीला भलतंच काही सुचलं. बटण शून्यावर ठेवून तिने तार छेडली, आवाज अर्थातच आला नाही, आणि मग करंगळीने बटण हळूच वर फिरवलं. सूर कुठूनही सुरू न होता आला. छेडल्याचा टणत्कार नाही, काही नाही. दार उघडून कोणी आत यावं तसा आला, मोठा झाला आणि करंगळीबरोबरच परत गेला. ज्या करंगळीचा अडथळा नको म्हणून तिने गोंद ओतला होता, तीच ही करंगळी. धाकटी उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली, तिचं लक्षही गेलं नाही.

"ताई, हे सगळं यात होतं. हे सगळं इथेच होतं गं, सहा वर्षं. मी डबे विकत घेत फिरले."

"बस खाली. वायर ओढली जातेय," कॉइलताई म्हणाली, पण तिचाही हात थांबला होता, आणि बहिणीचा तो चेहरा ती डोळे भरून बघत होती. शेवटचा असा चेहरा तिने कधी पाहिला होता ते तिला आठवेना. बहुतेक पहिली गिटार घरात आली तेव्हा.

इकडे कॉइल भरणं काही गंमत नव्हती. रिलेसाठी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या विजेच्या स्विचसाठी, आणलेल्या बारीक तारेचं रीळ तिच्याकडे होतं. सात हजार वेढे. मशीनचा दांडा एका हाताने फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. जरा घट्ट धरली की तुटली, सैल सोडली की कॉइल फुगली. चार हजारांवर तार तुटली. कॉइलताईने एक शिवी हासडली, सगळं उकललं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. दुपार झाली. चहा तिथेच टेबलावर थंड झाला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना धाकटीने दारातूनच उद्या या म्हणून सांगितलं. एका पंपवाल्याने आत डोकावून विचारलं की बाई गिटारला पंप बसवताय का, आणि त्यालाही उद्याच बोलावलं.

अडीच वाजून गेल्यावर तिने सोल्डरचा शेवटचा डाग दिला. मानेजवळचा पिकअप सहा वर्षांनी बोलला, आणि काय बोलला. तिथे तार ऐसपैस हलते, म्हणून त्याचा सूरही गोल, भरलेला, उबदार. धाकटीने टोन जरा उतरवून "अगं" म्हटलं आणि कॉइलताईने मान हलवली. आजारातून उठून पहिल्यांदा बाहेर येऊन बसलेली आई.

एकच राहिली होती. रोजची, साधी, आतल्या खोलीतून मारलेली हाक. मागच्या पिकअपवर ती कर्कश व्हायची, मानेजवळच्यावर फार जाड.

"खटका मधे ठेवला की दोन्ही एकदम लागतात," धाकटी म्हणाली. "त्यात सापडेल. भरदार येईल. जरा बघू?"

बाहेर टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. "दोन्ही वेगवेगळे वाजतात ना?" कॉइलताई झाकणाचे स्क्रू आवळत म्हणाली. "मग मिळूनही वाजणारच. चल, निघ. मी येते तुझ्याबरोबर."

सभागृह रिकामं होतं. मंचावर एक पलंग, एक कपाट आणि मधोमध खुर्ची. नाटकवाल्या बाई पहिल्या रांगेत, हातात वही, कानावर पेन्सिल. कॉइलताई अगदी मागे, दाराजवळ बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली होती. आत तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन होती. सवयीने घेतली होती, जसे इतर लोक रुमाल घेतात.

बाई वहीतून वाचत गेल्या आणि धाकटी उत्तर देत गेली. आई चिडली. खटका मागे, आवाज पाच. आई फोनवर. टोन अर्धा, आवाज दोन. आई रात्री रडतेय आणि कोणाला कळू द्यायचं नाही. करंगळी बटणावर, सूर शून्यातून आला, शून्यात गेला. बाईंनी पेन्सिल कानावरून काढली. कॉइलताईने ते मागून पाहिलं आणि ती खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. सापडतंय, जमतंय, ती स्वतःशी म्हणत होती, घे छोटे, घे.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "आतल्या खोलीतून हाक. काही विशेष नाही, रोजची. पण सगळं नाटक यावर उभं आहे. बाकीचे चौघे इथेच अडले."

धाकटीने खटका मधे केला, दोन्ही आवाज पाचवर नेले आणि सूर छेडला.

आवाज मेला. भरदार कसला, त्याचं सगळं अंगच गेलं. पिचका, नाकातला, पोकळ असा एक आवाज अ‍ॅम्पमधून निघाला. धाकटी दचकली. तिने पुन्हा छेडलं. पुन्हा तेच.

मागच्या रांगेत कॉइलताईला त्या क्षणी सगळं कळलं. मोटारीच्या कॉइली भरताना एक सुलट भरली की शेजारची उलट भरायची. आईने पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आई बोटाने गिरवून दाखवायची, विणकामासारखं म्हणायची, एक सुलट, एक उलट. तीस वर्षांत तिचा हात त्यात कधी चुकला नव्हता. आजही चुकला नव्हता. मागचा पिकअप सुलट होता, म्हणून तिने मानेजवळचा उलट भरला. विचारच केला नाही. मोटारीत ते बरोबर. इथे दोन्ही पिकअप एकमेकांविरुद्ध ओढत होते आणि एकमेकांचा आवाज खात होते. नुसत्या दोन तारांची अदलाबदल केली की झालं. पाच मिनिटांचं काम. पण ते इथे, आत्ता, बाईंच्या समोर कसं करायचं? वर मीच म्हणाले होते, मिळूनही वाजणारच. सहा वर्षं ती अर्ध्या गिटारवर निभावून नेत होती, आणि मी एका दिवसात तिची आयुष्याची संधी घालवली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. तिची बोटं बटणावर होती. सकाळपासून एक गोष्ट ती शिकली होती: आवाज पटला नाही तर बटण फिरवायचं. तिने मानेजवळच्या पिकअपचं बटण जरासं उतरवलं. पाचवरून चारवर, त्याच्याही किंचित खाली. ओढाताण सैल झाली. पिचक्या सुरात हळूहळू अंग भरायला लागलं, पण पूर्ण नाही. तो पलीकडचाच राहिला. तिने टोन थोडा आत घेतला आणि दोन सूर वाजवले. खालून वर.

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून, मशीनच्या घरघरीतून, उशाशी ठेवलेल्या तांब्याच्या बाजूने, जरा नाकातून, घाई नसलेली, चहा हवा असलेली हाक आली.

"आले," कॉइलताई म्हणाली, आणि उठून उभी राहिली.

दोन पावलं ती चाललीसुद्धा. मग रिकाम्या सभागृहात, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, पर्स छातीशी धरून ती थबकली. आपण कुठे आहोत ते तिला कळलं, आणि आपण कोणाला उत्तर दिलं तेही. बाई मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. मंचावर धाकटीने गिटारच्या तारांवर तळहात ठेवला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायलाही तिने हात काढला नाही.



"माफ करा," कॉइलताई म्हणाली. "ती चूक माझी आहे. तिची नाही. एक कॉइल उलटी भरली गेलीय माझ्याकडून. दोन तारा बदलल्या की नीट होईल, सोल्डरिंग गन आहे माझ्याकडे, पाच मिनिटं द्या." ती खरोखरच पर्स उघडून चाचपायला लागली.

नाटकवाल्या बाई उठल्या, वाटेत आल्या आणि त्यांनी तिची पर्स हळूच मिटली.

"त्या तारांना हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग मंचाकडे वळून त्यांनी धाकटीला विचारलं, "सोमवारपासून तालमी आहेत. जमेल?"

धाकटीने मान डोलावली.  मग तिने तळहात उचलला आणि तेच दोन सूर पुन्हा वाजवले, या वेळी वरून खाली, स्वतःसाठी.